हवंय नेमकं कुणाला?

"जाहिरातीला भुलायला लोक काय कुकुलं बाळ आहेत?" परवा एका मित्राशी वाद झाला आणि त्याने हुकमाचं पान टाकलं: एडसेल. फोर्डने १९५७ मध्ये वाजतगाजत आणलेली मोटार. आधी पाहण्या केल्या, टीव्हीवर खास कार्यक्रम केला, पैसा पाण्यासारखा ओतला. गाडी अपेक्षेइतकी खपलीच नाही आणि १९५९ मध्ये गुंडाळावी लागली. जाहिरातीने इच्छा तयार होत असती, तर एडसेल का पडली?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण एडसेल न घेणाऱ्यांनी काय केलं? दुसरी मोटार घेतली. कंपन्या भांडतात ते कुठली घ्यायची यावर. घ्यायचीच कशाला, हे विचारायला तिथे कुणी नसतं. 'तुमच्याकडे आहे ते छान चाललंय' या जाहिरातीचे पैसे कोण भरणार? (पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने २०११ मध्ये 'हे जॅकेट घेऊ नका' असं छापलं होतं खरं. तीही जाहिरातच!)

हा वाद जुना आहे. १९५८ मध्ये अर्थतज्ज्ञ गालब्रेथ म्हणाले, उत्पादन गरजा भागवतं म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि त्या गरजा उत्पादनानेच जन्माला घातलेल्या असायच्या, तर कौतुक कसलं? १९६१ मध्ये दुसरे अर्थतज्ज्ञ हायेक यांनी उत्तर दिलं: अन्न-निवारा वगैरे सोडलं तर आपल्या बहुतेक इच्छा आपण इतरांकडूनच उचललेल्या असतात. कादंबरी लिहिलीच गेली नसती तर ती वाचावीशीही वाटली नसती. म्हणून साहित्य बिनकामाचं ठरतं का?

हायेक इथवर मला पटतात. गाण्याची गोडी गाणं ऐकूनच लागते. पण गायक आधी तुमच्यात खोट काढत नाही. जाहिरात पुष्कळदा दुखणं आधी विकते, औषध मागाहून. आज गुळण्या करायला वापरतात ते लिस्टरिन १८७९ मध्ये शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून आलं. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी 'हॅलिटोसिस' (तोंडाची दुर्गंधी) हा वैद्यकीय शब्द घरोघरी नेला. तोंडाला वास येतो म्हणून लग्न जुळत नाही, आणि जवळचं माणूसही ते सांगत नाही! वास आधीही येत असणारच. धास्ती मात्र नवी होती.

आणि कधी कधी भुलवायचीही गरज नसते, पर्यायच काढून घेतला की झालं. २०१६ मध्ये अॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं छिद्र काढलं आणि त्याच कार्यक्रमात आपले वायरलेस इअरफोन, एअरपॉड्स, दाखवले. पुढे इतर कंपन्यांचे फोनही त्याच वाटेने गेले. आता वायरलेस विकत घेणाऱ्या प्रत्येकाला तो 'हवा'च होता, असं विक्रीच्या आकड्यांवरून कसं म्हणायचं? मित्राकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नाही.

माझा वायरवाला हेडफोन ठणठणीत आहे. ड्रॉवरमध्ये पडून आहे. घरातल्या एकाही फोनला तो लागत नाही.