टायल्स राहू द्या, आधी फिल्टर बोला

बागेतला बंद स्विमिंग पूल पुन्हा सुरू करायची चर्चा आपल्या नागपुरातल्या वस्तीत परत रंगली आहे. चांगलंच आहे. पण ग्रुपवर जी चित्रं फिरताहेत त्यांत निळ्या टायल्स, रंगीत लाइट, कारंजं, सेल्फी पॉइंट सगळं दिसतं. फिल्टर प्लँट कुठं आहे, राजेहो?

टायल्स जुन्या झाल्या म्हणून पूल बंद पडला नव्हता. पंप गेला, तो दुरुस्त झाला नाही, पाणी हिरवं झालं, लोक यायचे थांबले. मग ‘लोकच येत नाहीत’ म्हणून कुलूप!

काही जण म्हणतात, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही अन् यांना पोहायचं सुचतंय. रास्त प्रश्न आहे, म्हणून हिशेबच करू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल धरला तर पाणी लागतं साधारण ४.७ लाख लिटर. म्हणजे दहा हजारी टँकरच्या ४७ खेपा. दचकायला होतं, पण हे पाणी रोज बदलायचं नसतं. वाळूच्या फिल्टरमधून फिरवून, क्लोरीन राखून तेच वापरतात. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं तरी तूट तीन हजार लिटरच्या आसपास, वर बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहानं धुवायचं, थोडं. खरं पाणी पितं ते गळकं बांधकाम. म्हणून रंगाचा डबा उघडायच्या आधी टाकी भरून गळती तपासा.

आणि पूल रिकामा ठेवला म्हणजे जपला, हेही खरं नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकाम्या टाकीचा तळ खालून उचलला जाऊ शकतो. वर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, ती वेगळीच.

२०१३ च्या मे महिन्यात या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पोरं पाण्याकडे जाणारच. क्लबची फी भरणाऱ्यांची पोरं पूलमध्ये शिकतात. बाकीची अंबाझरी तलावाच्या काठावर, नाहीतर गिट्टीखदानीच्या साचलेल्या पाण्यात उतरतात. तिथं खोली किती, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे मला हा पूल चैनीचा वाटतच नाही.

माझं म्हणणं एवढंच की एकदाच्या खर्चाचं टेंडर पुरे नाही. पाच वर्षं पंप कोण चालवणार, क्लोरीन रोज कोण तपासणार, प्रत्येक बॅचला जीवरक्षक कोण, हे कागदावर आलं पाहिजे. फी रिक्षावाल्याच्या पोराला परवडेल अशी हवी. बायकांची वेळ दुपारी दोनची नको, सकाळ-संध्याकाळची हवी. (दुपारी दोनला नागपुरात म्हशीही पाण्याबाहेर येत नाहीत, हे मान्य, पण घरून निघणार कोण?)

निवेदनाचा मसुदा तयार आहे. रविवारी सकाळी बागेच्या गेटपाशी सह्या घेतोय. घरातल्या बायकांनाही आणा. वेळेचा मुद्दा त्यांनीच लिहिलेला बरा.