रुंद पावलांना ‘दोन नंबर लहान’ बूट सुचवणाऱ्यांना उत्तर

सध्या गिर्यारोहकांच्या व्हॉट्सॲप गटांतून क्लाइंबिंग शूज, म्हणजे कातळ चढताना घालायचे खास बूट, निवडण्याविषयीचा एक संदेश फिरतो आहे. नेहमीपेक्षा दोन नंबर लहान बूट घ्या, दुखले तरच तो योग्य समजा, चामडे आपोआप सैल होते, तेवढा धीर नसेल तर बूट गरम पाण्यात भिजवून पायात घाला आणि पहिल्यापासून टोकाशी खाली वाकलेलेच बूट वापरा, असा त्याचा सारांश. तो माझ्या आतेबहिणीपर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. दोन मुलांनंतर, चाळिशीत, ती पुन्हा क्लाइंबिंग सुरू करते आहे. तिचा चवडा चांगलाच रुंद आहे आणि या संदेशावर विसंबून ती बूट मागवायच्या बेतात होती.

दोन नंबर म्हणजे नेमके किती, याचा विचारही संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. युरोपीय मापात एक नंबर सुमारे ६.७ मिलिमीटरचा असतो, तर आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश मापात सुमारे ८.५ मिलिमीटरचा, म्हणजे एकच सल्ला एकाचा बूट १३ मिलिमीटरने आखूड करतो आणि दुसऱ्याचा १७ मिलिमीटरने. त्यातही नंबर उतरला की बुटाची फक्त लांबीच नव्हे, रुंदीही कमी होते. ज्याचे पाऊल मुळातच चवड्याशी अडते, त्याची करंगळी आणि अंगठ्याचा सांधा अशा बुटात दोन्ही बाजूंनी चेपले जातात आणि बोटे बधिर होतात. बधिर बोटांना पायाखालची खाच जाणवत नाही, मग ज्या पकडीसाठी हा छळ सोसायचा, तीच हातची जाते.

‘दुखले तरच योग्य’ हे वाक्य तर सरळसरळ घातक आहे. जर्मन क्रीडावैद्य आणि स्वतः क्लाइंबर असलेले फोल्कर श्योफ्ल यांनी थॉमस क्युपर यांच्यासह २०१३ मध्ये क्लाइंबर्सच्या पायांच्या दुखापतींचा आढावा प्रसिद्ध केला. घट्टे, नखांचे विकार आणि अंगठा शेजारच्या बोटांकडे वळून त्याच्या सांध्याशी हाड पुढे येणे, अशा जुनाट तक्रारींचा संबंध त्यात वर्षानुवर्षे वापरलेल्या अतिघट्ट बुटांशी जोडलेला आहे. स्पर्धेतले क्लाइंबर फार घट्ट बूट घालतात हे खरे. पण ते चढाई संपताच बूट काढतात. तेलबैलासारख्या उंच कातळभिंतीवर टप्प्याटप्प्याने चढताना, जोडीदाराचा सुरक्षा-दोर सांभाळत (म्हणजे ‘बिले’ देत) ताटकळत उभे राहताना, तसा बूट घालून दाखवावाच कुणीतरी.

चामड्याबाबत मात्र अर्धे सत्य मान्य करावे लागेल. आत अस्तर नसलेले चामडे खरोखरच सैल होते. ला स्पोर्टिवा या कंपनीचा मिथोस हा बूट त्यासाठीच ओळखला जातो. पण कृत्रिम कापडाचा बूट फारसा ताणत नाही आणि बोटांभोवतीची रबराची पट्टी तर त्याहून कमी, म्हणजे रुंद पाऊल जिथे अडते तिथेच ढिलाई मिळत नाही. गरम पाण्याचा उपाय त्याहून वाईट, कारण तळव्याचे रबर गोंदाने चिकटवलेले असते आणि उष्णतेने तो गोंद सुटू शकतो. उन्हात बंद गाडीत बूट ठेवू नयेत, असे सांगतात ते याच कारणाने.

खाली वाकलेले बूट पुढे कललेल्या भिंतींसाठी असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सपाट तळव्याचा बूट पुरतो.

संदेशात नसलेली, पण खरी कामाची गोष्ट ही की जुना नंबर विसरावा. वयाबरोबर आणि बाळंतपणानंतर पावलाची कमान थोडी उतरून पाऊल लांब-रुंद होऊ शकते. संध्याकाळी, पाऊल थोडे फुगलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रूपरेषा काढावी, चवड्याची रुंदी मोजावी आणि मोठे पाऊल प्रमाण धरावे. रुंदीसाठी नंबर वाढवत गेल्यास टाच रिकामी राहते, म्हणून साचाच रुंद असलेला बूट शोधावा. बुटोरा ही कोरियन कंपनी काही मॉडेल रुंद आणि अरुंद अशा दोन साच्यांत विकते. स्कार्पा या कंपनीच्या वेलोचे या बुटामध्ये बोटांकडची जागा ऐसपैस आहे. ‘महिलांसाठी’ म्हणून विकला जाणारा बूट बहुधा कमी घेराचा असतो, त्यामुळे रुंद पावलाच्या स्त्रीने त्याच बुटाची पुरुषांची आवृत्ती घालून पाहण्यात संकोच करू नये. लेस असलेला बूट चवड्याशी सैल आणि वर घट्ट बांधता येतो. बिनलेसच्या बुटात ही सोय तेवढी नसते.

मोजे न घालता बूट चढवल्यावर बोटे टोकाला टेकावीत, किंचित वाकली तरी चालेल, टाचेत पोकळी नसावी आणि दहा मिनिटे घालून राहिल्यावरही करंगळी ठणकू नये. बहिणीला मी एवढेच कळवले आहे. मागवण्याआधी सरावाच्या कृत्रिम भिंतीवर भाड्याने मिळणारे दोन-तीन वेगळ्या साच्यांचे जोड ती घालून पाहणार आहे.