मांडवावरची भेंडी

आमच्या बायला, वय वर्षं चार, भाजी आवडत नाही. म्हणजे ताटातली. तीच भाजी परसातल्या मांडवावर लोंबत असली की बकरीने हिच्याकडून शिकावं. काकडी कुणीही खाईल. ही कोवळं दोडकं खाते, चवळीच्या शेंगा खाते, एकदा तर पडवळाचा कच्चा शेंडाही करकर चावून झाला. तेच पडवळ चण्याची डाळ घालून पानात वाढलं तर ‘मला पोटात दुखतंय.’

“खाता तर खावं दी,” आई म्हणते. “ताटातला काय नि मांडवावरचा काय, पोटातच जातला.”

आईचं ठीक आहे. मागे धावायचं मला असतं, कारण मांडवाशेजारीच पागोळ्यांखाली अळू माजलंय. कच्च्या अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवून जीव नकोसा होतो. म्हणून तर फदफद्यात चिंच नाहीतर सोलं पडतात. हे मी बायला नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग झाडालाच चिंच लावा ना.”

पडवळाच्या शेपटाला आम्ही सुतळीने दगड बांधतो, सरळ वाढावं म्हणून. ते पाहून तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी दोन दगड गायब, आणि आठवड्याभरात त्या दोन पडवळांनी वेटोळी घातली. “बघ, आता झोपलीत,” ती समाधानाने म्हणाली.

मग श्रावणात पाऊस असा लागला की फुलं गळाली, मांडव रिकामा झाला. दोन दिवस बाय वरण-भातावर. सोमवारी मालवणच्या बाजारात गेलो. गावठी भेंड्यांचे वाटे मांडले होते, वीत-वीतभर लांब, फिकट पोपटी. मी लांब देठांच्या तेवढ्या वेचू लागलो.

“देठाची काय भाजी करतलास?” भाजीवाली म्हणाली.

काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी पहाटे, डोक्यावर इरलं घेऊन, मी दोडक्याच्या वेलाला सुतळीने सहा भेंड्या बांधल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पदवीधर माणूस. शेजारचे काका गडग्यापलीकडून बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

सहाच्या सहा भेंड्या फस्त. कच्च्या!

यशाने माणूस बिघडतो. बुधवारी तोंडली बांधली, गुरुवारी गवार. शुक्रवारी गाजर बांधताना आई पडवीत चहा पीत उभी होती. “उद्या बांगडो बांध,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी पुन्हा भेंडी. बाय खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती.

“बाबा, ह्या भेंडीला सुतळी का बांधलीय?”

मी सुचेल ते बोललो. “सरळ वाढावी म्हणून.”

“मग दगड कुठाय?”

तेव्हापासून मी भर पावसात, भेंडीला पेलवेल एवढा दगड शोधतोय.