एकनिष्ठ मतदार व्हा!

महापालिकेच्या निवडणुकीत आपली चार मतं आपण वेगवेगळ्या पक्षांना दिली, असं चुकून तोंडातून गेलं की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय ऐकून घ्यावं लागतं? ‘गद्दार’. नगरसेवकाला नव्हे हं, मतदाराला! तेव्हा ही बदनामी टाळायची असेल, तर निष्ठेचा हा खात्रीचा मार्ग.

आधी आपला पक्ष कुठे आहे ते शोधून ठेवा. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण त्यांच्याच हवाली केला. 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीच्या घड्याळाचंही तेच झालं. तुम्ही जागचे हलला नाहीत, तरी पक्षाचे दोन झाले. आता कोणत्या अर्ध्याशी निष्ठा ठेवायची, ते घरात ठरवून घ्या.

निशाणी मात्र डोळे फाडून बघा. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवार गटाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ 32,771 मतांनी पडला, आणि नुसती ‘तुतारी’ मिळालेल्या उमेदवाराला 37 हजारांवर मतं पडली. निष्ठा होती, चष्मा नव्हता.

जाहीरनामा वाचू नका.

व्याह्यांशी बोलणं बंद झालंच पाहिजे, त्याशिवाय निष्ठा सिद्ध होत नाही.

खरी परीक्षा प्रभागात. मुंबई सोडली तर बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक. ‘अ’ जागेची मतपत्रिका पांढरी, ‘ब’ची फिकट गुलाबी, ‘क’ची फिकट पिवळी, ‘ड’ची फिकट निळी. प्रत्येक जागेसाठी एक बटण, कोणीच नको असेल तर ‘नोटा’, आणि सगळी मतं दिल्याशिवाय शेवटचा बीप वाजत नाही. एवढी सोय कशाला केली असेल? प्रत्येक जागेचा वेगळा विचार करता यावा म्हणून? छे! निष्ठावानाने रंग बघायचा नाही, नाव तर नाहीच. निशाणी दिसली की दाब. पॅनल टू पॅनल, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला! त्यातला एक खरंच रात्री-अपरात्री फोन उचलणारा असतो. त्याच्या दोरीला बाकीचे तीन बांधलेले असतात. दुसरा बिल्डरचा माणूस. तिसरी महिला राखीव जागेवरची, बॅनरवर तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा. चौथा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, तीनच्या ठोक्याआधी, दुसऱ्या पक्षातून येऊन तुमच्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळवलेला; सकाळपर्यंत तो तुमच्याच पक्षाला शिव्या घालत होता. डिसेंबर 2025 मध्ये नाशिकला एबी फॉर्म घेऊन निघालेल्या गाडीमागे इच्छुक धावले. पुण्यात तर एकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. तिकीट नाही म्हटल्यावर संध्याकाळी यातले किती निष्ठावान राहिले, ते मोजा आणि मग मला गद्दार म्हणा. बरं, निवडून आल्यावर काय? चौघांनाही अख्खा प्रभाग, हद्दी वाटून दिलेल्या नाहीत. गटार तुंबलं की ‘अ’ म्हणतो ‘ड’कडे जा, ‘ड’ म्हणतो निधी ‘ब’ने पळवला, ‘ब’च्या घरी मिस्टर भेटतात आणि ‘साहेब बाहेर आहेत’ म्हणतात. साहेब म्हणजे कोण, हेही कळत नाही!

निकालानंतर टीव्ही लावू नका. अंबरनाथ नगरपरिषदेत भाजपने काँग्रेसच्या नगरसेवकांना सोबत घेतलं. काँग्रेसने त्या बाराही जणांना निलंबित केलं, तर ते थेट भाजपमध्ये गेले. ज्यांनी पंजा बघून बटण दाबलं होतं, त्यांनी त्या दिवशी कोणत्या रंगाचा गुलाल उधळायचा होता?

आणि हे काही अंबरनाथपुरतं नाही. पक्षांतरबंदी 1985 ची. नगरसेवकांसाठी राज्याचा 1986 चा वेगळा कायदा आहे. 2003 मध्ये आमदार-खासदारांची एक तृतीयांश फुटीची सवलत काढली, तर आता दोन तृतीयांश जमवायचे आणि विलीनीकरण म्हणायचं. त्यांच्यासाठी वाट कायद्यातच ठेवलेली आहे. तुम्हाला तर कोणत्याही कायद्याने बांधलेलं नाही, तरी तुम्ही स्वतःच गळ्यात दावं अडकवून उभे!

अहो, जरा विचार करा. तुमची इमारत ‘हक्काची’ म्हणून यादीत खूण केलेली आहे. प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांत कार्यकर्ते मत अजून न ठरवलेल्या गल्लीत जातात, तुमच्याकडे नुसती चिठ्ठी पोचते. रस्ता कोणाचा आधी होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र जाहीर असतं; मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात. चार उमेदवारांची चार प्रतिज्ञापत्रं वाचायला चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. तेवढं होत नाही तुमच्याच्याने, आणि वाचून मत देणाऱ्याला गद्दार म्हणता? लाज वाटली पाहिजे. आणि पाणी आलं नाही म्हणून ग्रुपवर रडगाणं गाऊ नका. चार बटणं दाबलीत ना? त्या चौघांची नावं सांगा बघू.