टक्कल पडलेल्या टॅरंटुलाबद्दल, ‘निसर्गमित्र’ यांना

निसर्गमित्र साहेब,

टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळण्यावरच्या माझ्या ब्लॉगलेखातला फोटो पाहून तुम्ही दिलेली प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, तशीच ठेवली आहे. तुम्ही म्हणता, “पोटावर टक्कल पडलेला टॅरंटुला म्हणजे मालकाने छळलेला टॅरंटुला, हे कळायला अक्कल लागत नाही.” लागते साहेब, थोडी तरी लागते. आणि ‘तुम्ही हौशी लोक’ हा सूर कशाला? मी ब्लॉग लिहायला घेण्याच्या कितीतरी आधीपासून इंदूरच्या उन्हाळ्यात हे प्राणी जगवतोय. नुसती हौस इतके मे महिने टिकत नाही.

फोटोतली मादी ब्रॅकिपेल्मा हमोरी या जातीची टॅरंटुला आहे, मूळची मेक्सिकोची. बिथरली की पोट किंचित उचलते आणि मागचा पाय त्यावर भराभर घासते. काटेरी बारीक केस सुटतात आणि हवेत तरंगतात. गेलेले केस पुन्हा उगवत नाहीत. नवे येतात ते कात टाकल्यावरच. वयात आलेली मादी वर्षाकाठी एकदा, कधी त्याहूनही उशिरा कात टाकते. म्हणजे एका दुपारची भीती महिनोन्महिने पोटावर दिसत राहते. तीही कोणाच्या घरातली, हे फोटोवरून तुम्ही कसं ठरवलंत? शिवाय तो डाग काळसर आहे, पाहिलात का? जुन्या कातडीखाली नवे केस तयार झाले की तो असा दिसतो. कात जवळ आल्याची खूण आहे ती.

टक्कल आठवड्यागणिक वाढत असेल तर मात्र कारण शोधावं. आपल्याकडे पहिला संशय कूलरवर घ्यायचा. झोत जाळीतून आत गेला की पायांवरच्या संवेदी केसांना तो शत्रू वाटतो. डबा झोतातून हलवा. झाकण उघडताना तोंड वर धरू नका. श्वासानेही ती बिथरते. पाणी लांब चोचीच्या बाटलीने कोपऱ्यातून घाला. जागा बदलायची तर पुढे पारदर्शक वाटी धरा आणि मागच्या पायाला मऊ ब्रशने हलकेच डिवचा. हात मध्ये आणायचाच नाही.

सुटलेले केस कोकोपीटमध्ये (डब्यात तळाशी पसरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशात) आणि टाकलेल्या कातेवर राहतात, म्हणून सफाईआधी कोकोपीट ओलसर करा. हातमोजे आणि बंद गॉगल घाला. गॉगलची सूचना माझ्या लेखात तळाशी होती, ती वर हवी होती, हे मान्य. वर घेतली आहे. त्वचेवर केस बसले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. केस बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुतून बसतात आणि चोळल्याने आणखी आत जातात.

किंमत, ‘परदेशी फॅशन’ वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. फक्त ‘त्यापेक्षा आपले देशी कोळी निरुपद्रवी’ हे वाक्य कृपा करून कोणाला सांगू नका. आपले पोसिलोथेरिया, म्हणजे आपल्याकडचे देशी टॅरंटुला, केस उडवत नाहीत, कारण त्यांच्याकडे ते केसच नसतात. ते पळतात, नाहीतर थेट चावतात, आणि चावल्यावर स्नायूंना जबर गोळे येतात.