फोर्साइथ हॉलिवूडमध्ये संपला?
स्कॉटिश दिग्दर्शक बिल फोर्साइथ हॉलिवूडला गेला आणि संपला, हे त्याच्यावरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. 'हाउसकीपिंग' (१९८७) तिकडच्याच पैशावर केलेला, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत पोक्त सिनेमा. 'बीइंग ह्यूमन' (१९९४) स्टुडिओनं कापाकापी करून, वर निवेदन चिकटवून बिघडवला. खापर एकट्या दिग्दर्शकावर कशाला? त्याच्या 'लोकल हीरो' या सिनेमाबद्दल लेखात जे म्हटलंय, त्याच्याशी मात्र सहमत. (त्यातलं गाव चित्रित केलंय स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पेननमध्ये, आणि गावापुढची वाळू थेट पश्चिम किनाऱ्यावर, मोरारजवळ! सांधा कुठे दिसतो का बघा.) पण ग्लासगोच्या युथ थिएटरमधली पोरं घेऊन, अगदी किरकोळ पैशांत केलेल्या 'दॅट सिंकिंग फीलिंग'चा लेखात साधा उल्लेखही नाही? सुरुवात तिथून झाली राव. बेकार पोरं स्टीलची सिंकं चोरतात, एवढीच गोष्ट, पण काय हसवतो!