डॉलर-एकला डिफॉल्ट दिला की झालं? नाही झालं

बॅश (लिनक्स-मॅकवर कमांड चालवणारं शेल) शिकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: "ऐच्छिक आर्ग्युमेंटसाठी गेटऑप्ट्स कशाला? डॉलर-एक, डॉलर-दोनला डिफॉल्ट द्या. अगदीच ऑप्शन हवे असतील तर व्हाइल-केसचा लूप लिहा. गेटऑप्ट्सला लांब नावं कळत नाहीत. हवं तर गेटऑप्ट वापरा."

(डॉलर-एक, डॉलर-दोन म्हणजे स्क्रिप्ट चालवताना दिलेली पहिली, दुसरी व्हॅल्यू, म्हणजेच आर्ग्युमेंट; गेटऑप्ट्स ही उणे-ओसारखे ऑप्शन वाचणारी कमांड; लांब नावं म्हणजे एका अक्षराऐवजी पूर्ण शब्दाचे ऑप्शन.) डिफॉल्टचं म्हणणं एका आर्ग्युमेंटपुरतं खरं आहे. दोन झाली की क्रम आडवा येतो. माझ्या बॅकअप स्क्रिप्टला पहिलं आर्ग्युमेंट फोल्डरचं, दुसरं किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या याचं, दोन्ही ऐच्छिक. सहकाऱ्याला फक्त दिवस बदलायचे होते, त्याने नुसतं ७ दिलं. स्क्रिप्टने '७' नावाचं फोल्डर करून इमानेइतबारे त्यात बॅकअप ठेवला. एरर वगैरे काही नाही. पहिलं वगळायचं तर त्या जागी रिकामी अवतरणचिन्हं द्यावी लागतात, आणि तेही डिफॉल्ट लिहिताना उण्याआधी कोलन असेल तरच चालतं. नुसतं उणे असेल तर रिकामी स्ट्रिंगही 'दिलेली व्हॅल्यू' धरली जाते.

व्हाइल-केसचा लूप मीही लिहितो. पण जो नमुना सगळे उचलतात, त्यात उणे-ओ दिसलं की डॉलर-दोन घ्यायचं आणि 'शिफ्ट २' करायचं, म्हणजे वाचलेली दोन आर्ग्युमेंटं सरकवून टाकायची, एवढंच असतं. आता कोणी शेवटी नुसतं उणे-ओ दिलं आणि व्हॅल्यू विसरला तर? उरलंय एक आर्ग्युमेंट, सरकवायचीत दोन. बॅश अशा वेळी एकही सरकवत नाही, नुसता शून्य नसलेला एक्झिट कोड ('जमलं नाही' सांगणारा आकडा) देतं. तो कोण बघतो! लूपला परत तेच उणे-ओ दिसतं, परत तेच. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की आपल्याला कळतं. (डॅश नावाच्या दुसऱ्या शेलमध्ये हीच स्क्रिप्ट तिथल्या तिथे एरर देऊन मरते. ते बरं.) शिफ्टच्या आधी डॉलर-हॅश, म्हणजे उरलेल्या आर्ग्युमेंटची संख्या, तपासलं की भागतं, पण ते प्रत्येक व्हॅल्यूवाल्या ऑप्शनला करायचं. शिवाय दोन ऑप्शन एकाच उण्यात जोडलेले, आकडा ऑप्शनला चिकटवून दिलेला, 'यापुढे ऑप्शन नाहीत' सांगणारे दोन उणे, हे सगळं लूपला हाताने शिकवा. गेटऑप्ट्सला ते येतंच. अक्षरानंतर कोलन दिला की व्हॅल्यू सक्तीची. अख्ख्या यादीच्या सुरुवातीला कोलन दिला की एररचा मजकूर आपला, अगदी मराठीतसुद्धा. व्हॅल्यू दिली तर दिली, असा ऑप्शन मात्र त्याला जमत नाही.

लांब नावांची तक्रार रास्त आहे, उपाय नाही. गेटऑप्ट्स शेलच्या पोटातलं. गेटऑप्ट हा वेगळा प्रोग्राम, तोही प्रत्येक मशीनवर सारखा नाही. लिनक्सवर सहसा युटिल-लिनक्समधली सुधारित आवृत्ती असते. मॅकवरची बीएसडी वळणाची. तिला लांब नावं कळत नाहीत, वर 'दिवाळी फोटो' असं फोल्डर दिलं की मधल्या स्पेसवर त्याचे दोन तुकडे. उणे-मोठा-टी देऊन एक्झिट कोड ४ आला तरच सुधारित आवृत्ती समजायची.

लांब नावं हवीतच तर मी पायथनच्या आर्गपार्स या ऑप्शन वाचणाऱ्या मॉड्यूलकडे जातो, २.७ पासून ते सोबतच येतं. तिथे होय-नाहीच्या ऑप्शनला टाइप म्हणून बूल तेवढं देऊ नका. 'फॉल्स' ही रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणून तिचं ट्रू होतं. त्यासाठी स्टोअर-ट्रू आहे: ऑप्शन नुसता दिला की ट्रू.